उन्हाळ्याची वाट आणि आपले पाय
(दर्याकाठच्या पायताणाचा संक्षिप्त इतिहास)

आपल्या कोळी ज्ञातीचा इतिहास सांगताना होड्या, जाळी, बंदरे, देवस्थाने आणि पंचमंडळी यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पायांच्या बळावर जाळी ओढली गेली, माशांच्या पाट्या बाजारी पोहोचल्या आणि देवीच्या पायऱ्या चढल्या गेल्या, त्या पायांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. पायाखाली काय होते, काय नव्हते, का नव्हते आणि त्याचा शरीरावर काय परिणाम झाला, हा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि आज आपल्या कित्येक घरांत मधुमेहाने पीडित अशी वडीलधारी माणसे आहेत, आणि उन्हात आलेल्या एका लहानशा फोडापायी संपूर्ण पाय गमावण्याची पाळी अशा माणसावर येऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य कोणासही पटेल.

प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय मुख्यत्वे उन्हाळ्यापुरता आणि मनोरीसारख्या दर्याकाठच्या गावापुरता मर्यादित ठेवीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पायताणाची निवड आपण आजवर रूढी, ऐपत आणि प्रतिष्ठा पाहून करीत आलो. ऋतू कोणता, जमीन कशी आणि पाय कोणाचा, हे तीन प्रश्न विचारून ती आपण क्वचितच केली. यापुढे ती तशी करणे अवश्य आहे.

मनोरीची उन्हाळी जमीन

मनोरी, गोराई व उत्तन ही गावे ज्या भूभागावर वसली आहेत त्यास धारावी बेट असे जुने नाव आहे. शहरातील प्रसिद्ध धारावीशी त्याची गल्लत करू नये. एका अंगास अरबी समुद्र आणि मार्व्याच्या अंगास मनोरीची खाडी, अशी येथील रचना आहे. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि उपनगरांचा मोठा पट्टा महानगरात सामील झाला. तरीही मार्व्याकडून मनोरीस जाणारा माणूस आजही फेरीबोटीनेच खाडी ओलांडतो.

अशा गावात चालणाऱ्या पायास एका दिवसात चार-पाच प्रकारची जमीन भेटते. भरती-ओहोटीने धुतली जाणारी ओली, घट्ट वाळू ही पहिली. तिच्या वरच्या बाजूची कोरडी, भुसभुशीत वाळू ही दुसरी. खाडीचा चिखल व त्यात दडलेल्या कालवांच्या धारदार शिंपा हा तिसरा प्रकार. सुकी मासळी वाळवण्याचे खळे हा चौथा, आणि डांबरी अथवा सिमेंटचा रस्ता हा पाचवा. पावसाळ्यात या सर्व जमिनी थंड असतात. उन्हाळ्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. वैशाखात हवेचे तापमान ३३-३४ अंश सेल्सिअस असले तरी भर दुपारी कोरड्या वाळूचे व डांबराचे तापमान सहज ५० अंशांच्या पुढे जाते. दहा पावलांवरील ओली वाळू त्याच वेळी पायास सुखद वाटते.

दुर्दैवाने आपल्या धंद्याचे स्वरूप असे आहे की, सर्वांत जास्त तापलेल्या जमिनीवरचे काम नेमके उन्हाळ्यातच येते. बांबूंच्या मांडणीवर, म्हणजे वलांडीवर, बोंबील वाळत घालणे आणि खळ्यात जवळा पसरून तो वेळोवेळी परतणे ही कामे ऐन उन्हाची आहेत, आणि ती बहुतांशी आपल्या स्त्रियांनी केलेली आहेत. नवसागरी धाडसाच्या कथांत पुरुषांची नावे येतात. तापलेल्या खळ्यावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माता-भगिनींच्या भेगाळलेल्या टाचांचा उल्लेखही कोठे येत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

अनवाणी राहण्याची कारणे

आपले पूर्वज अनवाणी राहिले ते केवळ दारिद्र्यामुळे, असा एक समज आहे. तो अर्धसत्य आहे. दारिद्र्य होतेच, परंतु त्याखेरीज निदान तीन कारणे होती.

पहिले कारण धंद्याचे. होडीच्या ओल्या फळ्यांवर उघड्या पायाची पकड जितकी भक्कम असते तितकी गुळगुळीत चामड्याची कधीच नसते. तोल गेला तर माणूस दर्यात जातो. त्यामुळे होडीवर वहाण घालणे हे गैरसोयीचेच नव्हे, तर धोक्याचे होते.

दुसरे कारण चामड्याचे. वनस्पतींच्या सालींनी कमावलेले चामडे खाऱ्या पाण्यात वारंवार भिजले व उन्हात वाळले की आखडते, कडक होते व तडकते. देशावरच्या शेतकऱ्यास जी वहाण दीर्घकाळ पुरे, ती दर्याकाठी लवकर निकामी होई. ज्या वस्तूचा उपयोग नाही तिच्यावर पैसा कोण घालील?

तिसरे कारण सामाजिक होते. जुन्या काळी पायताण ही केवळ पायाची बाब नव्हती. कोणी कोणाच्या दारावरून वहाणा घालून जावे आणि कोणी त्या हातात घ्याव्यात, यास महाराष्ट्रातील अनेक गावांत जातीचे निर्बंध होते, आणि अस्पृश्य गणलेल्या बांधवांस त्यांचा सर्वाधिक जाच सोसावा लागला. स्त्रियांची गोष्ट तर त्याहून वेगळी. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कित्येक घराण्यांत स्त्रीने वहाणा घालून वडिलांसमोरून जाणे उद्धटपणाचे समजले जाई. अशा रीतीने जो पाय सर्वांत अधिक चालत होता त्यालाच संरक्षण मिळू नये, अशी व्यवस्था रूढीने लावून ठेवली होती. वाहने नियमित मिळू लागण्यापूर्वी मार्व्याच्या धक्क्यापासून मालाड स्टेशनापर्यंतची पाच-सहा किलोमीटरांची वाट डोक्यावर पाटी घेऊन तुडवावी लागे. ती वाट उन्हाळ्यात कशी वाटत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

सूर्याने दिलेली भेट

येथे एका पौराणिक कथेचे स्मरण करणे उचित होईल. महाभारताच्या अनुशासन पर्वात छत्री आणि पादत्राण यांच्या उत्पत्तीची कथा आली आहे. जमदग्नी ऋषी धनुर्विद्येची क्रीडा करीत बाण सोडीत होते आणि पत्नी रेणुका ते बाण वेचून आणून देत होती. ज्येष्ठ महिना, मध्यान्हीची वेळ. मस्तक व पाय पोळल्यामुळे रेणुका वाटेत क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली व तिला परतण्यास विलंब झाला. ऋषी संतापले. विलंबाचे कारण कळताच त्यांनी प्रत्यक्ष सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणरूपाने त्यांच्यापुढे आला आणि त्याने मस्तकाच्या रक्षणाकरिता छत्री व पायांच्या रक्षणाकरिता चामड्याचे पादत्राण अर्पण केले. छत्री व वहाणा दान करण्याच्या प्रथेचे मूळ या कथेत सांगितले आहे. उन्हाळ्यात वाटसरूस पाणी, छत्री व वहाणा देण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ काळ होती.

या कथेचा आपल्या ज्ञातीशी निकटचा संबंध आहे. कार्ल्याची एकवीरा आई ही आपल्यापैकी बहुसंख्य घराण्यांची कुलस्वामिनी, आणि एकवीरा म्हणजेच रेणुका असे मानण्याचा प्रघात महाराष्ट्रात रूढ आहे. आईची मोठी यात्रा चैत्रात भरते. त्या वेळी सहस्रावधी कोळी व आगरी कुटुंबे डोंगराच्या पायऱ्या चढतात, आणि नवस बोललेली कित्येक मंडळी तापल्या दगडांवरून अनवाणी चालतात. जिचे पाय भाजले म्हणून सूर्यास पादत्राण आणून द्यावे लागले, असे पुराण सांगते, त्याच देवीच्या भेटीस जाताना आपले पाय भाजून घेण्याचा आग्रह तिला कितपत मानवत असेल, याचा विचार श्रद्धावंतांनीच शांतपणे करावा. आम्ही श्रद्धेवर बोट ठेवीत नाही. श्रद्धेच्या पोटातच काळजीची आज्ञा आहे, एवढेच निदर्शनास आणतो.

आयुर्वेदानेही हा विषय गौण मानलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पादत्राण धारण करणे हे दिनचर्येचे अंग म्हणून सांगितले असून ते पायांच्या त्वचेस व डोळ्यांस हितकर व बल देणारे आहे असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी पायांस तेल चोळण्याचे गुणही दिले आहेत. खरखरीतपणा, रुक्षता, थकवा, बधिरपणा आणि पाय फुटणे हे दोष त्याने शमतात, असा त्याचा आशय आहे. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्या आजीबाईंची रीत याच परंपरेतील होय. येथे ‘बधिरपणा’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

चामड्याची वहाण

महाराष्ट्राच्या पायताणाचा विचार कोल्हापुरी चपलेशिवाय पुरा होत नाही. हिरडा, बाभळीची साल यांसारख्या वनस्पतिद्रव्यांनी चामडे कमावून, हाताने कापून व चामड्याच्याच वादीने शिवून ही चप्पल तयार होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, या धंद्यास उत्तेजन मिळाले. २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांकरिता तिला भौगोलिक मानांकन लाभल्याचे जाहीर झाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने तशाच घाटाच्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या. त्यावर महाराष्ट्रात मोठा गहजब झाला, आणि त्या पेढीस कोल्हापुरी परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. ज्या चर्मकार बांधवांच्या हातास गावाने शतकानुशतके कमी लेखले त्यांचीच कला जगाने उचलावी, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

आरोग्याच्या दृष्टीने या चपलेचे गुण व दोष दोन्ही स्पष्ट आहेत. ती उघडी असल्याने पायास वारा लागतो. कमावलेले चामडे घाम शोषून घेते. तापलेल्या जमिनीची झळ जाड तळव्यामुळे वरपर्यंत पोहोचत नाही. कोरड्या उन्हाळ्यात, निरोगी पायास, ती उत्तम होय. परंतु नवी चप्पल चावते. तिचा तळ कडक व सपाट असतो. अंगठ्याचे कडे व वादी यांचे घर्षण होते. जोडा कोठे चावतो हे घालणाऱ्यासच कळते, असे आपण म्हणतो. पण ज्या पायास चावलेले कळतच नाही त्याचे काय? त्या पायाकडे आम्ही पुढे येणार आहोत.

रबराचे आगमन

आपल्या दर्याकाठी पायताण सार्वत्रिक झाले ते चामड्यामुळे नव्हे, तर रबरामुळे. १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि कारखान्यात तयार झालेले कॅनव्हासचे व रबराचे जोडे सामान्य माणसाच्या आटोक्यात येऊ लागले. मोटारीच्या जुन्या टायरच्या वहाणा कष्टकऱ्यांच्या पायी आल्या. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धोत्तर काळात जपानी ‘झोरी’च्या घाटाची रबरी चप्पल जगभर पसरली. ब्राझील देशात तिचे कारखानी उत्पादन १९६२ साली सुरू झाले, आणि आपल्याकडे ती ‘हवाई चप्पल’ या नावाने घरोघर पोहोचली. खाऱ्या पाण्याने ती आखडत नाही, धुतली की स्वच्छ होते, आणि किंमत अल्प. चामड्याने ज्या जमिनीपुढे हात टेकले होते ती जमीन रबराने जिंकली. स्त्रियांच्या पायीही पायताण आले, आणि रूढीचा जुना निर्बंध कोणत्याही सभेत ठराव न होता गळून पडला. हा उपकार लहान नव्हे.

परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक गैरसोय येते. हवाई चपलेस मागे पट्टा नसतो. ती पायातून निसटू नये म्हणून बोटांना ती प्रत्येक पावलास आवळून धरावी लागते. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात २००८ साली ३९ स्त्री-पुरुषांच्या चालीचे मापन करण्यात आले. अशी चप्पल घातली असता माणूस बुटांच्या मानाने आखूड पावले टाकतो आणि त्याची टाच टेकण्याची रीत बदलते, असे त्यात आढळले. थोड्या वापराने याची बाधा होत नाही. परंतु सकाळपासून सायंकाळपर्यंत बाजारात उभे राहणाऱ्या भगिनीने झिजून पातळ झालेली चप्पल वर्षभर वापरली, तर टाचदुखी व पोटऱ्यांचा ताण यांस आमंत्रणच मिळते. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलास टाचेत कळ येणे हे या दुखण्याचे ओळखीचे लक्षण होय.

दुसरा दोष झिजण्याचा. पातळ झालेल्या तळव्यातून माशाचा काटा, खिळा वा शिंप सहज आरपार जाते. तिसरा दोष बंद प्लॅस्टिकच्या व रबरी पादत्राणांचा. उन्हाळ्यात त्यांत घाम कोंडतो, बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, चिखल्या होतात व गजकर्णासारखे बुरशीजन्य विकार बळावतात. उघड्या पायाच्या आगीतून निघून बंद बुटाच्या फुफाट्यात पडावे, तसा हा प्रकार होय.

अनवाणी पायाची दोन अंगे

मग अनवाणी चालणे सर्वस्वी वाईट काय? तसे नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यानजीक मणिपाल येथील डॉ. उदय भास्कर राव व डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत अवघे २.८ टक्के आढळले. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्या मुलांत हा दोष सर्वांत अधिक, सँडल वा चप्पल घालणाऱ्यांत त्याहून कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी, असा क्रम दिसून आला. बालवयात तळव्याची कमान घडण्यास पायाच्या स्नायूंना मोकळीक लागते, असा याचा अर्थ. आपली मुले सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूत अनवाणी खेळत आली, त्यात त्यांच्या पायांचे कल्याणच झाले आहे. लहान मुलास भर उन्हाळ्यात दिवसभर बंद बुटांत कोंबून ठेवणे हे सुधारणेचे लक्षण मानू नये.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आर्थर लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने इजिप्तमधील कैरो येथे काम करीत असताना १८९८ साली असे दाखविले की, अंकुशकृमीची सूक्ष्म पिल्ले अन्नातूनच नव्हे, तर थेट कातडीतून शरीरात शिरतात. प्रयोगाच्या वेळी त्यांच्या स्वतःच्या हातावर ओघळलेल्या पाण्यातून त्यांस ही गोष्ट प्रथम जाणवली. सावलीतील दमट, रेताड माती या कृमींस मानवते, आणि अनवाणी पाऊल हे त्यांचे प्रवेशद्वार होते. ते आतड्यात राहून रक्त शोषतात व माणूस पंडुरोगी होतो. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतील त्याच जातीचे कृमी माणसाच्या कातडीखाली वेड्यावाकड्या रेघा ओढीत सरकतात व असह्य कंड सुटते. म्हणून मुलांनी अनवाणी खेळावे ते भरतीने धुतलेल्या ओल्या वाळूवर. कुत्री बसतात त्या वरच्या वाळूत, वाडीतील सावलीच्या दमट मातीत व उकिरड्याजवळ पायताण हवेच. त्याचबरोबर उन्हाळ्यात पडलेल्या टाचांच्या भेगा पावसाळ्यापूर्वी भरून येतील अशी काळजी घ्यावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. साचलेल्या पाण्यातील त्या रोगाचे जंतू पायांच्या जखमा व भेगा यांवाटे शरीरात शिरू शकतात. वैशाखातील भेग ही आषाढातील उघडी खिडकी ठरते.

वेदना हरपलेला पाय

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. पायास होणारी वेदना ही आपण शत्रू समजतो. वस्तुतः ती पहारेकरी आहे. हे सत्य वैद्यकास शिकविले ते कुष्ठरुग्णांनी. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे व तळवे रोगाने आपोआप सडतात, अशी तोवर सर्वत्र समजूत होती. संवेदना नष्ट झाल्यामुळे रोग्यास चटका, टोचणी वा सततचा दाब कळत नाही, तो त्याच जखमेवर चालत राहतो आणि त्यामुळे पाय जातो, असे ब्रँड यांच्या ध्यानी आले. यावर उपाय म्हणून सूक्ष्म बुडबुड्यांच्या मऊ रबराचा तळ असलेली चप्पल वेल्लोर येथे प्रचारात आली. साध्याशा चपलेने अनेकांचे पाय वाचले. कुष्ठरोग्यांस ज्या समाजाने दूर लोटले त्या समाजाच्याच कामी आज हे ज्ञान येत आहे.

कारण मधुमेहातही नेमके तेच घडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही आहेत. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंस इजा होते. प्रथम मुंग्या येतात, आग होते, आणि मग पाय बधिर होतो. पुष्कळजण या अवस्थेस ‘आग थांबली, बरे वाटले’ असे म्हणतात. खरा धोका तेथेच सुरू होतो.

उन्हाळ्याचा संबंध आता स्पष्ट होईल. १९४७ साली अमेरिकेतील मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी दाखवून दिले की, ४४ अंशांच्या उष्णतेने कातडी भाजण्यास सुमारे ६ तास लागतात, परंतु ६० अंशांस अवघे काही सेकंद पुरतात. वाळू ही पाण्याइतक्या वेगाने उष्णता देत नाही हे खरे. तथापि निरोगी माणूस तापल्या वाळूवर दोन पावलांत उडी मारून बाजूस होतो, आणि बधिर पायाचा माणूस शांतपणे चालत जातो. घरी आल्यावर त्यास तळव्यावर फोड दिसतो, किंवा दिसतही नाही. तो फुटतो, चिघळतो, रक्तपुरवठा कमी असल्याने भरून येत नाही, आणि शेवटी शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवतो. ज्या माणसाने उभा जन्म अनवाणी काढला व ज्यास आपल्या पायांच्या कणखरपणाचा अभिमान आहे, त्याच्यावर हा प्रसंग येण्याचा संभव अधिक. त्याचा अभिमान जुन्या पायाचा आहे. पाय मात्र आता तो राहिलेला नाही.

आता करावयाचे

वडीलधाऱ्यांच्या पायांची परीक्षा घरीच करता येते. इंग्लंडमधील इप्सविच येथील वैद्यांनी प्रचारात आणलेली एक सोपी रीत अशी: माणसास डोळे मिटावयास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांस आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा, दाबू नये. स्पर्श झाल्याचे त्याने सांगावे. सहांपैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होत आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. या परीक्षेस एक पैचाही खर्च नाही.

पायताणाविषयी आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. पायताण सायंकाळी खरेदी करावे, कारण दिवसअखेर पाय किंचित सुजलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. दिवसभर वापरण्याच्या चपलेस मागे पट्टा असावा. तळ पुढच्या तिसऱ्या भागात वाकावा; मध्यभागी दुमडणारी चप्पल आधार देत नाही. खळ्यात व बाजारात काम करणाऱ्या भगिनींनी झिजलेली चप्पल दुरुस्तीच्या मोहात न पडता बदलावी. उन्हाळ्यात बंद बूट घालावेच लागत असतील तर सुती पायमोजे वापरावेत व ते रोज धुवावेत. रात्री पाय धुऊन, बोटांची बेचकी कोरडी करून, टाचांस तेल लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये.

ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी अंगठ्याजवळ वादी वा कडे असलेली कोणतीही चप्पल, मग ती कोल्हापुरी असो वा हवाई, वापरू नये. रुंद पट्ट्यांचे, मऊ तळाचे व मागे पट्टा असलेले पायताण घ्यावे. घरातही अनवाणी राहू नये. पायात घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वा काटा नाही याची खात्री करावी, आणि रोज तळवे पाहावेत किंवा घरातील मुलांकडून पाहून घ्यावेत.

देवदर्शनाच्या बाबतीत आमची विनंती आपल्या मंडळास आहे. चैत्रातील यात्रेस आपल्या गावाहून मंडळी निघतात तेव्हा मधुमेही व वृद्ध यांनी सूर्योदयाच्या सुमारास अथवा सायंकाळी दर्शन घ्यावे, अशी आखणी करता येईल. जेथे वहाणा काढणे अवश्य तेथे जाड सुती पायमोजे घालण्याची मोकळीक वडीलधाऱ्यांस आपण होऊन द्यावी. आपल्या गावातील देवळांच्या अंगणात उन्हाळ्यापुरते गोणपाट अथवा काथ्याच्या चटया अंथराव्यात आणि त्या भिजवून ठेवाव्यात. हा खर्च अल्प आहे, आणि छत्री-वहाणांच्या जुन्या वैशाखदानाचेच ते आजचे रूप होईल. वार्षिक संमेलनाच्या दिवशी एखाद्या डॉक्टरांस पाचारण करून ज्येष्ठांच्या पायांची तपासणी ठेवली, तर बक्षीससमारंभाइतकेच ते कार्य स्मरणात राहील.

प्रत्येक कुटुंबाने हा अंक मिटविण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या पायांची वर सांगितलेली परीक्षा एकदा करून पाहावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.